कळतं पण वळत नाही, म्हणजे नेमकं काय?

किशोरवयीन मुलांच्या आयांशी बोलताना एक वाक्य आम्हाला हमखास ऐकायला मिळतं. ‘अहो, त्याला सगळं कळतं, पण वळत नाही.’ कुणाच्या मुलाचा मावा सुटत नाही. कुणाची मुलगी शाळेत मिळालेली लोहाची गोळी गुपचूप टाकून देते. कुणाच्या हातातला फोन रात्री एक वाजेपर्यंत खाली ठेवला जात नाही. सांगून झालं, रागावून झालं, शपथा घालून झाल्या. शेवटी कपाळाला हात लावून हे वाक्य येतं.

आज आपण हेच वाक्य उलगडून बघू या. आपण ते तक्रार म्हणून बोलतो. समुपदेशन करणारीच्या कानाला मात्र त्यात एक चांगली बातमी ऐकू येते. ‘कळतं’ याचा अर्थ, मुलाच्या मनाचा एक भाग बदलाच्या बाजूनं आधीच उभा आहे. ‘वळत नाही’ याचा अर्थ, दुसरा भाग अजून तयार नाही. हे दोन्ही भाग एकाच वेळी असतात आणि दोन्ही खरे असतात. मानसशास्त्रात याला उभयभाव किंवा द्विधा मनःस्थिती म्हणतात. आपल्या म्हणीत सांगायचं तर, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ही द्विधा म्हणजे खोटेपणा नव्हे, आळस नव्हे आणि उद्धटपणाही नव्हे. बदलाच्या वाटेवरचा तो एक मुक्काम आहे. बहुतेक माणसं तिथे थांबतात. आपणही थांबतो. साखर वाढली आहे हे माहीत असून चहात साखर घालतो. सकाळी चालायला जायचं ठरवतो आणि गजर बंद करून कूस बदलतो. मुलांचं मन यापेक्षा वेगळ्या मातीचं नसतं.

एका मनातले दोन आवाज

समजा, नववीतला एक मुलगा आहे. सुट्टीत क्रिकेट खेळताना मित्रांनी त्याला पहिल्यांदा मावा दिला. आता दिवसाला दोन-तीन पुड्या लागतात. त्याला विचारलं की मावा का खातोस, तर तो खांदे उडवतो. पण त्याच्या मनात एक यादी असते. मावा खाल्ला की मित्रांच्या घोळक्यात आपलंही स्थान आहे असं वाटतं. डोक्याला जरा तरतरी येते. अभ्यासाचा, घरातल्या भांडणाचा ताण घटकाभर विसरता येतो. आणि खाल्ला नाही तर चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही.

त्याच मनात दुसरीही यादी असते. हल्ली तिखट भाजी तोंडाला झोंबते. वडिलांच्या खिशातून दहा-वीस रुपये काढताना छातीत धडधडतं. धाकटी बहीण तोंडाच्या वासावरून चिडवते. कबड्डीच्या संघात निवड झाली आहे आणि सरांना कळलं तर काय, ही धास्ती आहे.

आपण मोठी माणसं फक्त दुसरी यादी मोजतो. पहिली यादी आपल्याला निव्वळ मूर्खपणा वाटते. पण मुलासाठी पहिल्या यादीतली प्रत्येक गोष्ट खरी आहे. मावा सोडायचा म्हणजे नुसती पुडी सोडायची नाही. संध्याकाळचा घोळका, ताण विसरण्याचं एकमेव साधन आणि ‘मी आता लहान नाही’ ही भावना, हे सगळं पणाला लागतं. इतकं सोडायचं तर मन मागे ओढणारच.

हा प्रश्न चार-दोन घरांपुरता नाही. २०१९ साली आपल्या देशात झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींपैकी ८.५ टक्के जणांनी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. पश्चिम महाराष्ट्रात मावा, विदर्भात खर्रा, कुठे तंबाखू आणि चुना. नावं वेगळी, गुंता एकच.

आपण एक बाजू धरली की मूल दुसरी धरतं

आता खरी मेख बघा. ज्याच्या मनात दोन आवाज आहेत, त्याच्यासमोर आपण एका आवाजाची वकिली सुरू केली तर काय होतं? आपण म्हणतो, ‘कॅन्सर होईल.’ तो म्हणतो, ‘आमचे आजोबा सत्तर वर्षं तंबाखू खातात, त्यांना काही झालं नाही.’ आपण म्हणतो, ‘त्या पोरांचा नाद सोड.’ तो म्हणतो, ‘ती चांगली मुलं आहेत.’ आपण म्हणतो, ‘पैसे वाया जातात.’ तो म्हणतो, ‘पाच-दहा रुपयांनी काय होतंय?’

पाच मिनिटांत वाटणी होऊन जाते. सोडण्याची सगळी कारणं आपल्या तोंडी आणि न सोडण्याची सगळी कारणं त्याच्या तोंडी. माणूस जे स्वतःच्या तोंडानं बोलतो, ते त्याला अधिक पटत जातं. म्हणजे आपण त्याला मावा सोडायला सांगायला बसलो आणि मावा खाण्याची बाजू मांडायचा सराव त्याच्याकडून करून घेतला. आपल्या मनात त्याचं भलंच असतं, पण घडतं उलटं.

दारूच्या व्यसनावर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांचं लक्ष याच गोष्टीकडे गेलं. १९८३ साली त्यांनी एका लेखात बोलण्याची वेगळी पद्धत मांडली. पुढे १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. आपण तिला ‘प्रेरणा जागवणारा संवाद’ म्हणू. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त दारू पिणाऱ्या लोकांशी समुपदेशक कसे बोलतात हे त्यांनी तपासलं. समुपदेशकानं जितकं जास्त तोडून, आरोप केल्यासारखं बोलावं, तितकी ती व्यक्ती वर्षभरानंतर जास्त पीत असल्याचं दिसलं.

दुसऱ्याची चूक दिसली की ती लगेच दुरुस्त करावीशी वाटणं, हा आपला स्वभावच आहे. आई, शिक्षिका, आशाताई, समुपदेशक, आपण सगळ्या जणी त्याच घाईत असतो. मिलर आणि रोलनिक सांगतात की आधी आवरायची ती आपली ही घाई. मुलाच्या सवयीचं नंतर बघता येतं.

या वयात ओढाताण जास्त का?

किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं. या वयात मेंदूचे सगळे भाग एकाच वेगानं वाढत नाहीत. मजा, उत्सुकता, कौतुक यांना प्रतिसाद देणारे भाग लवकर जोरात येतात. थांबून विचार करणारा, पुढचं बघणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यामुळे ‘वीस वर्षांनी काय होईल’ यापेक्षा ‘आज संध्याकाळी मित्र काय म्हणतील’ याचं वजन मुलांना जास्त वाटतं.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यावर चांगला उजेड टाकतो. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना पडद्यावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. कधी एकट्यानं, कधी बरोबरीचे लोक बघत असताना. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटं असतानापेक्षा बरेच जास्त धोके पत्करत. पंचविशीच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या माणसांमध्ये असा फरक जवळपास दिसला नाही. म्हणूनच आपल्यासमोर एकटा बसलेला मुलगा ‘हो ताई, सोडतो’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्या क्षणी त्याला तसं वाटतही असतं. पण टपरीपाशी चार मित्र भेटले की दुसरा आवाज मोठा होतो.

शिवाय याच वयात ‘माझं मी ठरवीन’ ही भूक जागी होते. ती असायलाच हवी, नाहीतर मूल मोठं होणार कसं? कुणी आपलं स्वातंत्र्य हिरावून घेतंय असं वाटलं की माणूस नेमकं मना केलेलंच करून बघतो. मुलांमध्ये हे अधिक ठळकपणे दिसतं. त्यामुळे ‘मी सांगते म्हणून सोड’ या वाक्यात सोडण्यासारखं कारण असलं, तरी मुलाला आधी ‘मी सांगते’ हेच ऐकू येतं.

मग बोलायचं कसं?

पद्धत सांगायला सोपी आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिली गोष्ट, उलटतपासणीसारखे प्रश्न टाळायचे. ‘खातोस की नाही?’ याचं उत्तर ‘नाही’ असंच येणार. त्याऐवजी, ‘माव्याचं कसं सुरू झालं, सांगशील?’ असं विचारलं की मुलाला बोलायला जागा मिळते. दुसरी गोष्ट, पहिल्या यादीबद्दल मोकळेपणानं विचारायचं. ‘त्यात तुला काय बरं वाटतं?’ बऱ्याच मुलांना हा प्रश्न मोठ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकायला मिळतो. तो ऐकला की भांडणाचा पवित्रा जरा सैल पडतो.

तिसरी गोष्ट, त्यानं सांगितलेलं आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं आणि त्यात दोन्ही बाजू ठेवायच्या. हे संभाषण ऐका.

‘ताई, आईनं पाठवलं म्हणून आलो. मला काही व्यसनबिसन नाही.’

‘म्हणजे तुला स्वतःला यायचं नव्हतं. तरी आलास.’

‘ती रोज रडते. म्हणून.’

‘तिचं रडणं तुला बघवत नाही.’

‘नाही बघवत. पण ती समजते तेवढं काही नाही. सगळेच खातात.’

‘मित्रांमध्ये खाणं तुला साधं वाटतं, आणि घरी आल्यावर आईकडे बघून जड वाटतं.’

‘हां. आणि तोंडही झोंबतं आजकाल.’

बघा, झोंबण्याची गोष्ट ताईंनी विचारलीच नव्हती. भांडायला समोर कुणी उरलं नाही तेव्हा ती त्याच्या तोंडून आपोआप आली. आपण याचीच वाट बघत असतो. ‘मला नकोसं झालंय’, ‘सोडता आलं तर बरं’, ‘एकदा चार दिवस सोडला होता’ अशी वाक्यं म्हणजे मुलाचा स्वतःचा बदलाचा आवाज. तो ऐकू आला की लगेच ‘बघ, मी सांगत होते ना!’ म्हणायचं नाही. तिथेच थांबून ‘आणखी सांग’ म्हणायचं. ‘चार दिवस सोडला होतास? कसं जमवलंस?’ असं विचारलं की त्याला स्वतःची ताकद आठवते.

चौथी गोष्ट म्हणजे शून्य ते दहाची पट्टी. ‘मावा सोडणं तुला कितपत गरजेचं वाटतं? अजिबात नाही म्हणजे शून्य, फार म्हणजे दहा.’ समजा तो ‘चार’ म्हणाला. आपल्या जिभेवर येतं, ‘चारच? आठ का नाही?’ असं विचारलं की तो न सोडण्याची कारणं सांगणार. त्याऐवजी विचारायचं, ‘चार का म्हणालास? एक का नाही?’ आता त्याला सोडण्याची कारणं सांगावी लागतात, आणि ती त्याची स्वतःची असतात. मग दुसरा प्रश्न, ‘सोडायचं ठरवलंस तर जमेल असा विश्वास किती?’ कित्येकदा पहिला आकडा मोठा असतो आणि दुसरा लहान. म्हणजे इच्छा आहे, पण जमणार नाही असं वाटतं. अशा मुलाला कॅन्सरचे फोटो दाखवून काय उपयोग? त्याला मित्रांना ‘नको’ कसं म्हणायचं, तलफ आली की पहिली दहा मिनिटं काय करायचं, याची मदत हवी असते.

माहिती द्यायची, पण विचारून

‘म्हणजे धोका सांगायचाच नाही का?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सांगायचा, जरूर सांगायचा. फक्त क्रम बदलायचा. आधी त्याला काय माहीत आहे ते विचारायचं, मग परवानगी घेऊन आपलं सांगायचं, मग त्याला काय वाटलं ते विचारायचं.

‘तोंड झोंबतं त्याबद्दल तुला काय वाटतं?’ ‘उष्णता असेल.’ ‘मला थोडं माहीत आहे, सांगू का?’ ‘सांगा.’ मग सरळ सांगायचं. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होत जाते. तिखट झोंबणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. पुढे तोंड उघडणं कमी होतं. काही जणांच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, घास नीट घेता येत नाही. एकदा आलेला कडकपणा सहसा पूर्ण मागे जात नाही, आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. लवकर थांबलं तर पुढचं नुकसान टळू शकतं. म्हणून दंतवैद्यांना एकदा दाखवायला हवं. एवढं बोलून विचारायचं, ‘हे ऐकून तुला काय वाटतं?’ आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड.

हीच रीत मुलींच्या गोळ्यांनाही लागू पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरींना आठवड्याला लोह आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी मिळते ती यासाठीच. तरी गोळ्या दप्तराच्या कप्प्यात साठतात. मुलीला विचारलं तर ती म्हणते, ‘मळमळतं. शी काळी होते, भीती वाटते. मैत्रिणी म्हणतात ही मूल न होण्याची गोळी आहे.’ आणि तीच मुलगी म्हणते, ‘जिना चढताना धाप लागते. खो-खोत पहिल्यासारखी पळता येत नाही.’

इथेही द्विधा आहे, पण तिच्या एका बाजूला खरा त्रास आहे आणि अफवाही आहे. ‘घे गं मुकाट्यानं’ म्हणून ती जात नाही. परवानगी घेऊन सांगता येतं की गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, शी काळी होणं हे लोहामुळे होतं आणि त्यात धोका नाही, गोळीचा मूल न होण्याशी काहीही संबंध नाही. लगेच वर चहा घेऊ नये, लिंबू, आवळा, पेरू चालेल. मग विचारायचं, ‘यातलं तुला काय जमेल?’ ती म्हणेल, ‘सोमवारी डब्यानंतर घेईन.’ तिनं स्वतः ठरवलेला सोमवार आपण लादलेल्या सोमवारापेक्षा जास्त टिकतो.

फायद्या-तोट्याचा तक्ता जपून वापरा

समुपदेशनात एक तक्ता पुष्कळ वापरला जातो. कागदावर चार खाने काढायचे. आहे तसं चालू ठेवण्याचे फायदे, तोटे, बदलण्याचे फायदे, तोटे. मुलाला चारही भरायला सांगायचे. हे न्याय्य वाटतं. पण २०१५ मध्ये मिलर आणि गॅरी रोझ यांनी या तक्त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. जो अजून डळमळीत आहे, त्याच्याकडून दोन्ही बाजू सारख्याच जोरानं वदवून घेतल्या तर त्याचा बदलाचा निश्चय उलट कमी होतो, असं त्यांना दिसलं.

म्हणून आपण फरक करतो. दहावीनंतर कला शाखा घ्यावी की आयटीआयला जावं, यात समुपदेशकानं कोणतीही बाजू घ्यायची नसते. तिथे तक्ता छान चालतो. मावा, दारू, गाडी भन्नाट चालवणं यात मुलाचं भलं कशात आहे हे स्पष्ट आहे. तिथे पहिली यादी समजून घ्यायची, तिचा मान ठेवायचा, पण कागदावर उतरवून पक्की करायची नाही. बोलणं हळूहळू बदलाच्या आवाजाकडे न्यायचं.

बदल कुणी करायचा?

आता या विषयाची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय आम्हाला हा विषय संपवता येणार नाही. दुसऱ्याचं मन वळवण्याची पद्धत हातात आली की आधी विचारायला हवं, कुणाचं मन, कशासाठी आणि कुणाच्या सोयीसाठी?

घरचे एखाद्या मुलीला समुपदेशनाला आणतात आणि म्हणतात, ‘हिला समजवा. शाळेत जायला टाळाटाळ करते.’ मुलगी गप्प असते. मोकळीक मिळाल्यावर कळतं की वाटेत काही मुलं रोज अडवतात. शाळा तिला हवी आहे, रस्ता नको आहे. ही द्विधा तिच्या मनातला दोष नाही. इथे बदलायला हवा तो रस्ता. शाळा, पालक, गरज पडली तर पोलीस, यांनी काम करायचं. तिच्याकडूनच ‘मी धीट होईन’ वदवून घेणं हा अन्याय ठरेल. तसंच, ‘शिकायचंय’ म्हणणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला ‘स्थळ चांगलं आहे, समजवा’ म्हणून कुणी आणलं, तर तिचं मन वळवणं हे समुपदेशन नाहीच. अठराच्या आत मुलीचं लग्न करणं कायद्यानं गुन्हा आहे.

काही वेळा मुलाच्या द्विधेला वेळही देता येत नाही. मूल जीव देण्याचं बोलत असेल, तर शून्य ते दहाची पट्टी काढत बसायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. म्हणून सुरुवातीलाच मुलाला सांगायचं, ‘तू सांगशील ते आपल्यात राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल.’ हे आधी सांगितलं की नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

आणि माव्याचं सगळं ओझं एकट्या मुलावर टाकणंही बरोबर नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आतही ती विकता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी शाळेच्या कोपऱ्यावर मिळत असेल, तर ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत तो विषय काढणं हे आपलं काम आहे. टपरी तिथेच ठेवून मुलाला ‘मन घट्ट कर’ सांगणं सोपं असतं.

घरी आईनं काय करायचं?

आई म्हणजे समुपदेशक नव्हे. तिला राग येणार, रडू येणार. घरात नियमही हवेत. मुलाचं ऐकून घेतलं म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. ‘घरात मावा आणायचा नाही आणि पैसे विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत’ हा नियम ठाम असू दे. फक्त नियम सांगण्याची वेळ आणि मन समजून घेण्याची वेळ वेगवेगळी ठेवा. पुडी सापडली त्या क्षणी दोन्ही होत नाही. दुसऱ्या दिवशी शेंगा सोलताना, गाडीवर शेजारी बसून जाताना, डोळ्यांत डोळे नसताना मुलं जास्त बोलतात.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी कित्येक जणी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे आपल्यालाही खरं वाटतं आणि सोडावीशीही वाटते. मग आपली द्विधा मुलासमोर उघडपणे बोलायला काय हरकत आहे? ‘मलाही सोडायची आहे, मलाही जड जातंय, दोघं मिळून बघू’ हे वाक्य दहा भाषणांपेक्षा जास्त काम करू शकतं.

सोडल्यावर पहिले काही दिवस सगळ्यात कठीण असतात. चिडचिड, झोप न लागणं, डोकं दुखणं हे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. मधेच एकदा पुडी खाल्ली तर ‘झालं, गेलं सगळं पाण्यात’ असं म्हणू नका. ‘बारा दिवस जमलं, तेराव्या दिवशी काय झालं?’ असं विचारा. त्यातून पुढच्या वेळची तयारी होते.

मदत जवळ आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे समुपदेशकांशी मोफत आणि खासगीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. हे क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ‘कळतं पण वळत नाही’ असं तोंडात आलं की तिथे एक क्षण थांबा. जे कळतं, त्याबद्दल मुलाला आधी बोलू द्या. वळायचं कसं ते त्याच्याच बोलण्यातून निघेल, आणि वळताना त्याला आपला हात लागेल तेव्हा आपण जवळ असू. तुमच्या घरी हे करून बघितलंत तर काय घडलं, जमलं की नाही जमलं, ते आम्हाला जरूर कळवा.